ट्रेकसाठी लाखाचं जीपीएस घड्याळ घ्यायचं का? आधी पावसाळ्यात घालून बघा

जून लागला की मला ठरलेला मेसेज येतो, कधी ऑफिसातून, कधी रनिंगच्या ग्रुपवरून, की ताई फेनिक्स घेऊ की अ‍ॅपल अल्ट्रा, का ते कोरोस की काय म्हणतात ते घेऊ, बजेट ऐंशी हजार ते लाख. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं. आणि हो, कुठल्याही कंपनीने मला फुकट काही दिलेलं नाही. दिलं असतं तर नको म्हटलं नसतं हा भाग वेगळा.

आमच्या टोळक्यात सध्या चार महागडी घड्याळं आहेत. माझ्या हातात गार्मिनचं फेनिक्स ७एस, मावसभावाकडे सुंटो व्हर्टिकल, दादांकडे (सख्खे नव्हेत, ग्रुपमधले सगळ्यांचे दादा) कोरोस व्हर्टिक्स २ आणि वहिनींकडे अ‍ॅपल वॉच अल्ट्रा २. एकमेकांची घालून फिरलोय, दोन्ही मनगटांवर दोन घालून येड्यासारखं सिंहगडही चढून झालाय. यातली काही मॉडेलं आता जुनी झालीत, फेनिक्स ८ ऑगस्ट २०२४ मध्येच आलं, पण मी जे सांगणार आहे ते मॉडेलच्या आकड्यावर फारसं अवलंबून नाहीये.

मुद्दा असा की या घड्याळांचे जे रिव्ह्यू आपण यूट्यूबवर बघतो ते कोलोराडोत नाहीतर आल्प्समध्ये, स्वच्छ ऊन, कोरडी हवा, रंगवलेल्या खुणा असलेल्या वाटा. आणि आपण सह्याद्रीत सगळ्यात जास्त बाहेर पडतो कधी, तर जून ते सप्टेंबर, धो धो पाऊस, दहा फुटांपुढचं दिसत नाही इतकं धुकं, अंगावर पोंचो, हाताला चिखल. म्हणजे जो सीझन आपला तोच त्या रिव्ह्यूंमध्ये नसतो. त्यामुळे तिकडे जे घड्याळ पहिलं येतं ते इकडे पहिलं येईलच असं नाही, आणि माझं मत विचाराल तर आपल्याकडे कस लागतो तो तीन गोष्टींचा, बटणं, उंची मोजणारा सेन्सर आणि नकाशा. बाकी सगळं त्यानंतर.

बटणांपासून सुरू करते कारण दुकानात याबद्दल कुणी बोलतच नाही. दुकानात एसीमध्ये कोरड्या बोटाने स्क्रीन सरकवली की सगळी घड्याळं मस्तच वाटतात. भर पावसात टचस्क्रीनला पाण्याचा थेंब आणि बोट यातला फरक नीट कळत नाही, कारण दोन्हींमुळे स्क्रीनवरचा विद्युतभार बदलतो आणि तिला तेवढंच कळतं. त्यात ओली फुल स्लीव्ह घड्याळावर घासत राहिली तर विचारायलाच नको. आमच्यातल्या एका घड्याळाने (नाव नाही घेत, टच चालू ठेवला तर कुठलंही हे करेल) राजगडाच्या चोरदरवाजाच्या चढावर स्वतःच पॉज घेतला आणि वर पद्मावती माचीवर पोचून बघतो तर मधला अख्खा चढ गायब. आता कुणी म्हणेल रेकॉर्ड नाही झालं तर काय बिघडलं, चढलात ना. बरोबर आहे, पण मग लाखाचं घड्याळ घेऊच नका ना, कॅसिओ घाला.

फेनिक्सला पाच बटणं आहेत आणि सगळी कामं बटणांनी होतात, टच अ‍ॅक्टिव्हिटीपुरता बंद करून टाकता येतो, मी तो बंदच ठेवते. सुंटोला तीन बटणं, तीही पुरतात, फक्त नकाशा इकडेतिकडे सरकवायचा असेल तर टच लागल्यासारखा वाटतो. कोरोसचं वेगळंच आहे, त्याला एक फिरकी आहे, ती फिरवली की मेनू सरकतो, नकाशा झूम होतो, आणि चालताना ती लॉक राहते त्यामुळे चुकून काही दाबलं जात नाही. हातमोजे घातले असतील, बोटं गारठून बधिर झाली असतील तर ही फिरकी सगळ्यात सोपी, हे मला दादांचं घड्याळ घालेपर्यंत पटलं नव्हतं. अ‍ॅपल अल्ट्राला बाजूला क्राउन आहे, नारिंगी अ‍ॅक्शन बटण आहे, अ‍ॅक्शन आणि साइडचं बटण एकत्र दाबलं की वर्कआउट पॉज होतो, वॉटर लॉक लावून टच बंद करता येतो, म्हणजे सोय आहे. पण मुळात ते टचचं घड्याळ आहे, नकाशा बघायला, स्क्रीन बदलायला कधी ना कधी लॉक काढावाच लागतो आणि तो नेमका पाऊस जोरात असतानाच काढावा लागतो.

बटणांच्या फटीत चिखल जातो हे सगळ्यांनाच लागू. घरी आल्यावर नळाखाली धरून प्रत्येक बटण दहावीस वेळा दाबायचं, एवढंच. कोकणात बीचवर पळून आलात तर हे न चुकता करा, खारं पाणी वाळलं की बटण जड होतं. मागच्या चार्जिंगच्या पिनाही घामाने हिरव्या पडतात, पुसून पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

आता उंची. हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबेल.

जीपीएसवरून उंची काढता येते पण ती आडव्या जागेपेक्षा बरीच ढोबळ येते, म्हणून या सगळ्या महाग घड्याळांत बॅरोमीटर असतो. हवेचा दाब उंचीबरोबर कमी होतो, आपल्या डोंगरांच्या उंचीवर साधारण आठ-नऊ मीटर वर गेलं की एक हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक), त्यावरून घड्याळ उंची ठरवतं. चढउतार मोजायला हे फार चांगलं, आतकरवाडीतून सिंहगड चढलात तर चारही घड्याळं सहाशे मीटरच्या आसपास चढ दाखवतात, पाचदहा मीटर इकडेतिकडे. पण दाब फक्त चढल्याने बदलत नाही, हवामानानेही बदलतो. आणि आपण उष्ण कटिबंधात राहतो, इथे रोज, अगदी स्वच्छ दिवशीसुद्धा, हवेचा दाब दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो, सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारला कमी. फरक तीनेक हेक्टोपास्कलपर्यंत सहज असतो. म्हणजे तुम्ही सकाळी दहा ते दुपारी चार गडावरच्या देवळात नुसते पाय पसरून बसलात तरी तुमचं घड्याळ पंचवीस-तीस मीटर वर चढून जाणार! युरोपात हा रोजचा हेलकावा इतका ठळक नसतो त्यामुळे तिकडच्या रिव्ह्यूवाल्याला तो जाणवतही नाही.

घड्याळ हे जीपीएस आणि नकाशातली उंची यांच्याशी ताडून अधूनमधून सुधारतं, गार्मिनमध्ये ऑटो कॅलिब्रेशन आहे, सुंटो त्याला फ्यूज्डअल्टी म्हणतं. तरीही हाताने कॅलिब्रेट करायची सवय लावून घ्या. कळसूबाईच्या देवळाशी पोचलात की १६४६ टाका, तोरण्यावर १४०३, नेमकी उंची माहीत असलेली जागा मिळाली की सोडायची नाही.

आणि एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवता आली असती तर बरं झालं असतं. घड्याळ उपडं करा किंवा कडेने बघा, टाचणीच्या टोकाएवढी दोनतीन भोकं दिसतील. बॅरोमीटरला हवा तिथूनच मिळते. आता ट्रेक करून आल्यावर उजेडात धरून नीट बघा, त्या भोकांत घामाचं वाळलेलं मीठ, सनस्क्रीनचा पांढरा थर आणि लाल माती यांचा पक्का लगदा बसलेला असतो. भोक बुजलं की घड्याळ दाब उशिरा ओळखतं, तुम्ही घळीतून दोनशे मीटर उतरून आलात तरी उंची तिथेच, मग एकदम धाडकन उतरते, नाहीतर भलभलते आकडे येतात, आणि लोक कंपनीला शिव्या घालत सर्व्हिस सेंटरला पाठवतात. टाचणी घालू नका, आत पातळ पडदा असतो, फाटेल. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजत ठेवायचं, साध्या पाण्याने धुवायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. पावसाळ्यात माझं तरी दर ट्रेकनंतर हे होतं.

याच सेन्सरवर वादळाचा अलार्म चालतो. सुंटोत तीन तासांत दाब चार हेक्टोपास्कलने पडला की घड्याळ ओरडतं. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाला आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाला हा उपयोगी आहे, विजांच्या दिवसात माचीवर असाल तर खाली उतरायला थोडा वेळ मिळतो. जुलैत बंद ठेवा. जुलैत पाऊस पडणार आहे हे सांगायला घड्याळ कशाला पाहिजे.

थर्मामीटरही असतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मनगटाची ऊब धरून तो आकडा दाखवतो. काढून पंधरावीस मिनिटं दगडावर ठेवलंत तर खरं तापमान कळतं.

बॅटरीकडे येऊ. इथे जाहिरातीतला आकडा आणि तुम्हाला मिळणारा आकडा यात जो खेळ आहे तो समजून घ्या, मग कुणी फसवू शकत नाही. कोरोस व्हर्टिक्स २ वर लिहिलंय १४० तास. खरंय, साध्या जीपीएसवर. सगळ्या उपग्रह प्रणाली चालू केल्या की ९०, आणि ड्युअल फ्रीक्वेन्सी (उपग्रहाचे दोन सिग्नल एकदम ऐकणं, पुढे सांगते) लावली, जी आपल्याला कड्याकपारीत हवी असते, की ५०. एकाच घड्याळाचे तीन आकडे आणि खोक्यावर सगळ्यात मोठा. फेनिक्स ७एक्स सोलरचंही (माझ्या ७एसचा मोठा भाऊ, उन्हावरही थोडा चार्ज होणारा) तसंच, ८९ तास हा साध्या जीपीएसचा, आणि सोलर धरून १२२. सुंटो व्हर्टिकलचा ६० तासांचा आकडा मात्र सगळ्यात अचूक मोडमधला आहे, दिसायला लहान पण सरळ. हे मला आवडलं.

सोलरबद्दल लोक फार भोळे असतात. गार्मिन स्वतः बारीक अक्षरात लिहितं की रोज तीन तास बाहेर, ५०,००० लक्स उजेडात, दिवसभर घातलेलं असेल तर हा फायदा. मार्चमध्ये पुणे ते सिंहगड सायकल हाणताय, अर्ध्या बाह्या, तर ठीक. जुलैत पोंचोच्या आत कसले लक्स? सोलरसाठी वेगळे पैसे मोजताना हा विचार करा, नाहीतर तेवढ्याच पैशात दोन चांगल्या सॅक येतात.

अ‍ॅपल अल्ट्रा २ साध्या वापरात ३६ तास, लो पॉवरमध्ये ७२. एका दिवसाचा ट्रेक, हाफ मॅरेथॉन, फुल मॅरेथॉन, काहीच अडचण नाही. कॉम्रेड्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली लांब पल्ल्याची शर्यत, पळणारे बरेच मराठी लोक आहेत, तिथली मर्यादाच बारा तासांची, तेही जमून जाईल. पण एसआरटी अल्ट्राचे शंभर किलोमीटर, सिंहगड राजगड तोरणा, रात्रभर डोक्याला टॉर्च लावून चालणारी मंडळी, त्यांनी किंवा हरिश्चंद्रगडावर दोन मुक्काम टाकणाऱ्यांनी चार्जिंगचा विचार आधीच करावा. वहिनी सरळ पॉवर बँक नेतात आणि जेवायला बसलो की घड्याळ चार्जिंगला. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. स्वभाव.

जीपीएसच्या अचूकतेवर इंटरनेटवर पानंच्या पानं आहेत, मी थोडक्यात सांगते. उघड्या माळावर, पठारावर, कासला, रस्त्यावर, सगळी घड्याळं सारखीच. फरक पडतो तो कड्याच्या पोटात, कारण उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून मग घड्याळाकडे येतो आणि घड्याळाला वाटतं आपण तिकडे आहोत. ड्युअल फ्रीक्वेन्सीवाली घड्याळं एल१ बरोबर एल५ हा दुसरा सिग्नलही ऐकतात, त्याची रचना अशी आहे की सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा काढणं सोपं जातं. चारातली तीन घड्याळं हे करतात, फेनिक्स ७ मध्ये मात्र सफायर काचेच्या मॉडेललाच ते दिलं होतं, साध्याला नाही, पुढे ७ प्रोपासून सगळ्यांना मिळालं. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पण सांदण दरीत जाऊन अचूकता तपासणाऱ्यांना एकच सांगणं, डोक्यावर आभाळाची चिंधी दिसत असेल तर उपग्रहच दिसत नाहीत, तिथे एल५ काय आणि एल५०० काय. तिथून बाहेर आल्यावर ट्रॅक बघून हसायचं आणि सोडून द्यायचं.

नकाशा मात्र महत्त्वाचा, आणि इथे कंपन्यांपेक्षा आपला भूगोल जास्त आडवा येतो. फेनिक्स, सुंटो, कोरोस तिन्हींत ऑफलाइन नकाशे घड्याळातच राहतात, सुंटो आणि कोरोसचे फुकट डाउनलोड होतात, गार्मिनवर ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे फुकट चढवता येतात. कंटूर (सारख्या उंचीच्या रेघा) दिसतात, ओढे दिसतात, आणि वाटा? वाटा त्याच दिसतात ज्या कुणीतरी बसून ओपनस्ट्रीटमॅपवर काढल्यात. राजगड ते तोरणा ही वाट बहुतेक सगळ्यात काढलेली असते, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरायचं, धारेधारेने जायचं आणि बुधला माचीकडून तोरण्यात शिरायचं. त्या धारेवर धुकं असेल आणि कारवी डोक्याएवढी वाढली असेल तर मनगटावरची ती बारीक रेघ सोन्याची वाटते, कारण मळलेली वाट आणि ढोरवाट पावसाळ्यात सारखीच दिसते आणि ढोरवाट तुम्हाला व्यवस्थित शंभर मीटर खाली पदरात नेऊन सोडते.

पण घाटवाटांवर जा, जिथे कोकणातून वर येणाऱ्या जुन्या नाळा आहेत, तिथे नकाशात नुसत्या कंटूर आणि मोकळी जागा. मग कुणाचीतरी जीपीएक्स फाइल, म्हणजे आधी कुणी चाललेल्या वाटेची नोंद, चढवायची. चढवा, पण ती फाइल हिवाळ्यातली आहे का पावसाळ्यातली ते विचारा, दरड कोसळून वाट बदललेली असू शकते, आणि ज्याची फाइल आहे तो रोप लावून उतरला होता का तेही विचारा. ही रेघ बघत बघत कड्याच्या टोकाशी पोचलेले लोक मला माहीत आहेत. गावातला वाटाड्या घ्यायचाच, घड्याळ असलं तरी. त्याला पाचसातशे रुपये द्यायला कुरकुर करणाऱ्या माणसाच्या हातात लाखाचं घड्याळ बघितलं की माझं डोकं फिरतं.

फाइल चढवली असेल तर गार्मिनचं क्लाइंबप्रो सुरू होतं, पुढचा चढ किती उरलाय, किती उभा आहे हे दाखवतं. काहींना हे फार आवडतं. मला अजून चारशे मीटर आहेत हे बघून उलट जास्त दम लागतो, मी ते पान काढून टाकलंय. अ‍ॅपलवर नकाशासाठी वर्कआउटडोअर्स नावाचं अ‍ॅप घ्या, थोडे पैसे पडतात पण त्याने अल्ट्रा खऱ्या अर्थाने ट्रेकचं घड्याळ होतं, आतल्या नकाशाच्या भरवशावर राहू नका.

स्क्रीनचा वाद सध्या फार चालतो. अ‍ॅमोलेड रंगीत, झगझगीत, रात्री सुंदर. एमआयपी फिकट, पण ती उजेड परावर्तित करते त्यामुळे एप्रिलच्या दुपारी जितकं ऊन जास्त तितकी स्पष्ट, आणि बॅटरी खात नाही. धुक्यात दोन्ही ठीक. तंबूत एमआयपीला लाइट लावावा लागतो. मी एमआयपीवाली आहे, पण नव्या लोकांना अ‍ॅमोलेडच आवडतं आणि कंपन्याही तिकडेच चालल्यात, फेनिक्स ८ मध्ये दोन्ही ठेवलंय हे बरं केलं. काचेचं म्हणाल तर सफायर खरंच ओरखडत नाही, कडकपणा मोहच्या मापाने ९, आपला बेसॉल्ट आणि वाळूतली गारगोटी दोन्ही त्याच्या खाली. पण सफायर ठिसूळही असतो, टोकावर जोरात आपटला तर तडकू शकतो. कातळ चढताना मी घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवते, कुठलीही काच असो. आणि ते अमेरिकन मिलिटरी स्टँडर्ड ८१० वगैरे छापलेलं असतं ना, त्याने भुलू नका, सैन्य काही तपासून शिक्का मारत नाही, चाचण्यांची ती एक पद्धत आहे आणि त्यातल्या कुठल्या करायच्या ते कंपनीच ठरवते आणि कंपनीच करते.

बायकांसाठी वेगळं लिहिते कारण यावर पुरुष रिव्ह्यूवाले गप्प असतात. व्हर्टिकल आणि अल्ट्रा ४९ मिमी, व्हर्टिक्स २ तर ५०, फेनिक्स ७एक्स ५१. माझं मनगट बारीक आहे, एवढी थाळी घातली की हात वाकवला की बटण मनगटात रुततं, घड्याळ हलत राहतं, आणि हललं की मागच्या हिरव्या लाइटच्या, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या सेन्सरमध्ये बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडे चुकतात. म्हणजे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. म्हणून मी ४२ मिमीचं घेतलं, त्यात जीपीएसवर ३७ तास मिळतात, मोठ्याच्या निम्म्याहून कमी, पण रात्री झोपतानाही घालता येतं. अ‍ॅपल ४९ असूनही चपटी आणि ६१ ग्रॅमचीच, वहिनींच्या हातावर ती शोभते. फेनिक्स ७एक्स स्टीलमध्ये ९६ ग्रॅम आहे, उतारावर पळताना कळतं. पट्टा नायलॉनचा घ्या, सिलिकॉनखाली पावसाळ्यात घाम आणि पाणी साठून पुरळ येतं.

हृदयाच्या ठोक्यांचं सांगायचं तर मनगटावरचा सेन्सर उतारावर पळताना कधीकधी तुमची पावलंच मोजतो, १७० दाखवतो आणि तुम्ही घाबरता, तो ठोका नसतो, कॅडन्स असतो. खरं ट्रेनिंग करत असाल तर छातीचा पट्टा घ्या, पोलरचा एच१० सगळ्या घड्याळांना जोडला जातो. पोलर ही फिनलंडची कंपनी, १९७७ पासून याच धंद्यात आहे, त्यांची ग्रिट एक्स घड्याळंही चांगली असतात पण आमच्यात कुणाकडे नाहीत म्हणून लिहीत नाही.

बाकी ट्रेनिंग रेडिनेस, व्हीओटू मॅक्स, रिकव्हरी टाइम, हे घड्याळाने लावलेले फिटनेसचे अंदाज. पाठीवर बारा किलोची सॅक आहे हे घड्याळाला माहीत नसतं. तुम्ही ट्रेल रन लावून सॅकसकट चढलात की त्याला वाटतं या बाईचा फिटनेस घसरला, आणि दुसऱ्या दिवशी तसं तोंडावर सांगतं. ट्रेकला हायकिंग मोड लावा. गार्मिन गरमीचा हिशेब धरतं, २२ अंशांच्या वर तापमान असेल तर, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बाराही महिने, आणि ते तापमान फोनवरून घेतं, म्हणून पळायच्या आधी सिंक करायचं.

आता सॅटेलाइट एसओएस, कारण हल्ली भाचेमंडळी अमेरिकेतून विचारतात, मावशी तुला नवीन आणू का. सप्टेंबर २०२५ मध्ये गार्मिनने फेनिक्स ८ प्रो काढलं, त्यात इनरीच आतच आहे, म्हणजे रेंज नसताना घड्याळ थेट उपग्रहाला मेसेज पाठवतं. डोंगरात याच्यासारखी गोष्ट नाही, मान्य. पण भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट कम्युनिकेटर बाळगणं गुन्हा आहे, १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्याखाली लोकांवर कारवाई झालीये. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनडाच्या ट्रेल रनर बाईंना नुसतं इनरीच मिनी सॅकमध्ये सापडलं म्हणून अडवलं होतं, पेपरात आलं होतं. साधं जीपीएस घड्याळ फक्त सिग्नल ऐकतं, उपग्रहाला काही पाठवत नाही, त्यामुळे ते कितीही महाग असलं तरी बिनधास्त घाला. पण इनरीचवालं कुणाकडून मागवू नका. त्याऐवजी साधा उपाय, खाली गावात कुठून चढणार आणि कधी उतरणार ते सांगून जायचं, शिट्टी गळ्यात, आणि टॉर्च. फेनिक्स ७एक्समध्ये आणि सगळ्या ७ प्रोमध्ये घड्याळातच टॉर्च आहे, लाल लाइटसकट, ही छोटीशी गोष्ट तंबूत इतकी कामाला येते की मी माझं बदललंच तर त्यासाठी बदलेन.

मग घ्यायचं कुठलं. शहरात पळता, वर्षातून चारपाच डोंगर करता, आयफोन आहे, घरच्यांना तुमची काळजी असते, तर अल्ट्रा घ्या, पडल्यावर फोन लावते, रस्त्यावरच्या पळण्याला तिच्याइतकं सोयीचं काही नाही. मुक्कामी ट्रेक आणि घाटवाटा करणाऱ्यांना सुंटो व्हर्टिकल, किंमत आणि कामाचा हिशेब लावला तर माझ्या मते या चौघांत तेच सरस. लांब पल्ल्याच्या शर्यती असतील तर कोरोस. सगळंच हवं असेल, आकडे बघायला आवडत असतील आणि पैशाचा प्रश्न नसेल तर फेनिक्स, मी पैशाचा प्रश्न असूनही घेतलं. आणि ज्याचं बजेट वीस हजार आहे त्याने अमेझफिटचं टी-रेक्स ३ बघावं, त्यातही ड्युअल बँड (म्हणजे ड्युअल फ्रीक्वेन्सीच) आणि ऑफलाइन नकाशे आहेत, चार बटणं आहेत, आणि ऐंशी हजार वाचतात.

सेकंडहँड घेणार असाल तर, आणि या घड्याळांच्या बाबतीत ते शहाणपणाचं आहे कारण लोक हौसेने घेतात आणि सहा महिन्यांत विकतात, एवढं बघा. प्रत्येक बटण दहा वेळा दाबा, अडकायला नको. जिन्याने चार मजले चढून उंची बदलते का बघा. विकणाऱ्याने आपल्या अकाउंटमधून ते काढून टाकलंय ना, ते तिथेच त्याच्यासमोर तुमच्या फोनला जोडून बघा, नंतर तो फोन उचलत नाही. शंभर टक्के चार्ज करून गच्चीवर रात्रभर जीपीएस चालू ठेवा आणि सकाळी किती उरली ते बघा, हे करू देत नसेल तर सोडून द्या. खोकं नसलं तरी चालतं, चार्जर मात्र ओरिजिनलच मागून घ्या.